बादलीतली कलेजी

एदुबिना कायुपानबद्दल आमच्या मायीन ओंदो गावात कुणालाही विचारा, तो तिच्या रागाबद्दलच सांगेल. हेडमास्तरांना तिने वादळात पायी येऊन कसं झापलं, लोकर विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचा तराजू उचलून कसा भिरकावला, हे लोक रंगवून सांगतात आणि पोट धरून हसतात. मला त्या हसण्याचाच संताप येतो. बाई चिडली की लोकांना करमणूक वाटते. ती का चिडली हे विचारायला कुणाला सवड नसते. मी शाळेतली स्वयंपाकीण, रोसाउरा माझं नाव. एदुबिनाच्या नातीची मी धर्ममाता, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. तेव्हा मला ठाऊक आहे ते मी सांगते. कुणाला हसायचं असेल त्याने बाहेर जाऊन हसावं.

एदुबिना ह्याच पठारावर जन्मली, ह्याच वाऱ्यात वाढली. नवरा सेगुन्दो घोडे वठणीवर आणायचा. मुलगी शहरात लोकांच्या घरी कामाला गेली आणि आपली लेक आयलीन हिला आईपाशी ठेवून गेली. घरात आजी, नात आणि पाच-सहा कुत्री. ती कुत्री म्हणजे आख्ख्या पठाराचा हेवा. एदुबिनाने नुसती शीळ घातली की टेकडीपलीकडच्या मेंढ्या वळवून आणायची. त्यांच्यातला थोरला कापितान तर तिच्या चेहऱ्याकडे बघूनच काय हवं ते ओळखायचा. तिचा नियम होता, मेंढी कापली की आधी कुत्र्यांचं पोट भरायचं, मग माणसांचं. दिवसभर धावतं कोण, असं ती विचारायची. खरंच होतं ते.

आणि आमच्याकडे आणखी एक नियम आहे, तो कुणी शिकवत नाही, बघून बघूनच अंगवळणी पडतो. मेंढीच्या कलेजीवर पाण्याचे फोड दिसले तर ती माणसाने खायची नाही. ती कुत्र्याला टाकायची. माझी आई टाकायची, तिची आई टाकायची. लेकराबाळांच्या पोटात वाईट काही जाऊ नये म्हणून.

ही कलेजी एदुबिनाकडे बादलीने यायची. आमच्या शेजारी ला पोर्फियादा नावाचं मोठं कुरण आहे. मालक राजधानीत राहतो, वर्षातून एकदा सशांची शिकार करायला येतो आणि सगळ्यांचे हात हातात घेऊन हलवून जातो. कारभार बघतो मुकादम अबेलार्दो. मेंढ्या गोळा करायच्या वेळी तो एदुबिनाची कुत्री बोलावून घ्यायचा आणि त्याबदल्यात, कुरणावर कापाकापी झाली की, वजडीने भरलेली बादली पाठवायचा. कलेज्या, फुप्फुसं, आतडी. तिलाच नव्हे, आसपासच्या सगळ्या गरीब धनगरांना पाठवायचा. मुकादमाचं मन मोठं, असं लोक म्हणायचे. एदुबिनाही म्हणायची, आणि ती सहसा कुणाबद्दल बरं बोलत नाही.

सेगुन्दोचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याला खोकला लागला, हटेना. गावच्या इस्पितळात छातीचा एक्स-रे काढला. फोटोत फुप्फुसावर पांढरा गोल डाग होता, चंद्रासारखा वाटोळा. डॉक्टरने तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला, एकदा बघितला आणि क्षय म्हणून सांगून टाकलं. वर्षभर तो बिचारा क्षयाच्या गोळ्या गिळत राहिला. एक दिवस खोगिरावर बसताना त्याला ढास लागली, तोंडातून खारट पाणी आणि पातळ सालपटं पडली, चेहरा सुजला आणि तो अंगणातच गेला. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरने तोच फोटो बघितला आणि म्हणाला, हा क्षय नव्हताच. मग काय होतं? तर त्याने खांदे उडवले. एदुबिनाने तो एक्स-रे घरी आणला आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या खिडकीला काचेच्या जागी ठोकला. वारा तरी अडवेल, म्हणाली.

अशा बाईच्या दारात सोनोग्राफीचं यंत्र आलं.

दर वर्षी यायचं खरं तर. पेटीत मावणारं यंत्र घेऊन आरोग्य खात्याची गाडी शाळांशाळांतून फिरते, मुलांची पोटं तपासते. आदल्या वर्षी ती आलीच नाही. का, तर गाडीला टायर नव्हते. एका टायरापायी आख्ख्या पठाराची पोरं वर्षभर तशीच राहिली आणि त्याबद्दल कुणाची झोप उडाली नाही. ह्या वर्षी आली. डॉक्टर लुसिला, समुद्राकडच्या शहरातली तरुण पोरगी, आमच्या थंडीत नाक लाल करून उभी. तपासणी माझ्या जेवणघरात, माझ्या टेबलावर. मुलं रांगेत उभी, सदरे वर केलेले. पोटावर गार चिकट मलम लावलं की प्रत्येक पोर खिदळायचं. डॉक्टरीण यंत्राच्या तारेला जोडलेली मूठ पोटावरून फिरवायची आणि पडद्यावर भुरकट, दाणेदार काहीतरी हलायचं. ही मूठ आवाज आत सोडते, असं तिने मला सांगितलं, आपल्याला ऐकू न येणारा, आणि परत येणाऱ्या आवाजावरून चित्र उमटतं. एक्स-रेत हाडं दिसतात, फुप्फुसं दिसतात, यकृताच्या आतलं नीट दिसत नाही. पण पाणी असेल तर ते ह्या यंत्रापासून लपत नाही. पाणी काळं दिसतं.

आयलीनचा नंबर आला. डॉक्टरणीने मूठ एकदा आडवी धरली, एकदा उभी धरली, पोरीला श्वास रोखायला सांगितला. मी कढई सोडून जवळ गेले. पडद्यावर भुरकटाच्या मध्ये एक काळं वर्तुळ होतं, स्वच्छ कडेचं.

"हिच्या घरचं कुणी आहे का इथे?" तिने विचारलं.

एदुबिना दारातच होती, माझ्या चुलीसाठी लाकडं घेऊन आली होती.

"काय बघताय एवढं?"

"दोन्या एदुबिना, जरा बसा." आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात.

"बसायला नाही आले, लाकडं टाकायला आलेय. बोला."

डॉक्टरीण बोलली. यकृतात पाण्याने भरलेली गाठ आहे, लिंबाएवढी. अशी गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. पोरीला आत्ता दुखत नाही, पण पडझडीत फुटली तर जिवावर बेतेल. शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं. तिथे सीटी स्कॅन काढून गाठ किती खोल आहे, कुठल्या शिरेला चिकटली आहे ते बघतील, छातीत आणखी काही आहे का म्हणून एक्स-रे काढतील, आणि मग गोळ्यांवर भागतं की कापावं लागतं ते ठरवतील. इथवर एदुबिना ऐकत होती. मग डॉक्टरीण म्हणाली, "हे कुत्र्यांमुळे होतं."

"कशामुळे?"

"कुत्र्यांमुळे. तुमच्याकडे आहेत ना?"

"माझा कापितान तुमच्या ह्या ड्रायव्हरपेक्षा स्वच्छ आहे. त्याच्या तोंडाला दारूचा वास तरी येत नाही."

ड्रायव्हर माझ्या चुलीपाशी नळीने माते, आमचा कडू पाल्याचा चहा, ओढत बसला होता. तो पेला घेऊन गुपचूप बाहेर सटकला.

"मी तसं म्हणत नाही, दोन्या—"

"तुम्ही काय म्हणता ते मला चांगलं माहीत आहे. माझ्या नवऱ्याच्या छातीत तुम्हाला क्षय दिसला होता. आता नातीच्या पोटात गाठ दिसली. तुमच्या यंत्रांना जिथे बघावं तिथे गोळेच दिसतात. आयलीन, सदरा खाली कर. चल."

मी कुंपणापर्यंत तिच्या मागे धावले. माझाही पारा चढला होता. "कोमाद्रे, डोकं ठिकाणावर ठेव. पोर हातची जाईल."

"सेगुन्दोला असंच गोड बोलून नेलं होतं. दुधाने तोंड पोळलंय माझं."

"मग ताक फुंकून पी. पण पी तरी."

पोरीचा हात धरून ती वाऱ्यात चालू लागली, आणि कापितान शेपूट हलवत पोरीच्या पायात पायात करत गेला.

दुसऱ्या दिवशी दूरच्या वाड्यांवरची मुलं यायची होती, म्हणून डॉक्टरीण थांबली होती. सकाळीच एदुबिना आली. एकटीच. हातात मुकादमाची बादली, वर गोणपाट. बादली तिने माझ्या धुतलेल्या टेबलावर आदळली, आत हात घातला आणि एक कलेजी काढून मेणकापडावर ठेवली.

"कोमाद्रे, मी इथे मुलांना जेवायला वाढते," मी म्हटलं.

"मग नंतर पूस. डॉक्टरीणबाई, ही बादलीतली सगळ्यांत चांगली कलेजी. मी स्वतः निवडलीय. बघा, हात लावून बघा, कुठे फोड नाही, डाग नाही. ह्या मेंढीला कसला आजार नव्हता. लावा तुमचं यंत्र."

"कशाला?"

"लावा म्हणते ना. हिच्यातसुद्धा काळं दिसलं तर तुमचं यंत्र आंधळं आहे, हे ह्या सगळ्यांसमोर कळू दे."

मला वाटलं, डॉक्टरीण आता चिडेल किंवा रडेल. तिने दोन्ही केलं नाही. कलेजीवर मलम ओतलं, जसं पोरांच्या पोटावर ओतायची तसंच, आणि मूठ फिरवू लागली. भुरकट. दाणेदार. आणि मग एका जागी काळं वर्तुळ, स्वच्छ कडेचं. कालच्यापेक्षा लहान, पण तेच.

"दिसलं?" एदुबिना आम्हा सगळ्यांकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता, आणि तो उजळलेला चेहरा आठवला की मला अजून वाईट वाटतं. "चांगल्या कलेजीतसुद्धा दिसतंय. गावभर पोरांना घाबरवत फिरतात मेले. माझ्या पोरीला काही झालेलं नाही."

"मूठ तिथेच धरा," मी डॉक्टरणीला म्हटलं. मी सुरी आणली. मूठ टेकली होती तिथे टोक लावलं आणि कापत खाली गेले. दोन बोटं आत गेल्यावर पाणी उडालं. नितळ, झऱ्याच्या पाण्यासारखं. फटीतून पांढरं पातळ सालपट बाहेर लोंबलं, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं.

एदुबिना ते सालपट बघत राहिली. सेगुन्दोच्या तोंडातून अंगणात पडलेलं तिनेच धुऊन काढलं होतं.

"ह्याला तर आम्ही फोड म्हणतो," ती म्हणाली. "हे माणसाला चांगलं नसतं."

"नसतं," डॉक्टरीण म्हणाली. "म्हणून तुम्ही काय करता?"

"कुत्र्याला टाकतो."

डॉक्टरणीने मग सावकाश सगळं सांगितलं. ह्या पाण्यात वाळूसारखे बारीक कण असतात. ते कुत्र्याच्या पोटात गेले की त्यांचे जंत होतात, तांदळाच्या दाण्याहून लहान. कुत्र्याला काही होत नाही, ते धडधाकट दिसतं. पण त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, केसांना चिकटतात, पोरं कुत्र्याला कुरवाळतात आणि त्याच हातांनी भाकरी खातात. मग पोरांच्या आत हा फोड धरतो. त्याच गवतातून मेंढीच्या आतही धरतो. मेंढी कापली की पुन्हा कुत्रा.

मला काय वाटलं सांगू? आधी ओरडावंसं वाटलं. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आरोग्य खात्याचं चित्र लावलेलं आहे, त्यात एक हसरा कुत्रा म्हणतो, मुलांनो, हात धुवा. पोरांनी त्याला मिशा काढल्यात. फोडाची कलेजी कुत्र्याला घालू नका, एवढं एक वाक्य त्या कुत्र्याच्या तोंडी घालायला काय झालं होतं? आम्ही काय, लिहिलेलं वाचत नाही? आम्ही लेकरांना जपायला म्हणून जे करत होतो त्यानेच लेकरं मरत होती, आणि हे आम्हाला साबणाची महती सांगत होते. मी हे सगळं डॉक्टरणीला सुनावलं. ती म्हणाली, खरं आहे. एवढंच म्हणाली, त्यामुळे भांडणालाही जागा उरली नाही.

एदुबिना अजून टेबलाकडेच बघत होती. "कापितान तिच्या पायाशी झोपतो," ती म्हणाली. "हिवाळ्यात मीच त्याला पांघरुणात घेते. तिला ऊब मिळावी म्हणून." मग तिने डोळे वर केले. "त्याला मारावं लागेल का?"

"नाही. गोळी मिळते. ठरल्या वेळी द्यायची, आणि कच्ची वजडी बंद. आरोग्य केंद्रात फुकट मिळतात गोळ्या."

"त्या मी फेकून दिल्या होत्या," एदुबिना म्हणाली. "माझा कुत्रा आजारी नाही म्हणून." तिने कलेजी उचलून बादलीत टाकली, गोणपाट घातलं. "पोरीला घेऊन येते. तुमची गाडी तयार ठेवा."

दुपारच्या आत आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हर आणि डॉक्टरीण, मागे आयलीन, तिची आजी आणि मी. शाळेचं जेवण मी हेडमास्तरांच्या बायकोच्या गळ्यात मारलं. बादली एदुबिनाच्या दोन पायांत होती आणि तिचा वास साऱ्या गाडीत.

"ही कशाला घेतलीस?" मी विचारलं.

"ज्याची आहे त्याला परत. ला पोर्फियादाच्या फाट्यावर गाडी वळवा."

ड्रायव्हरने डॉक्टरणीकडे बघितलं, मग आरशातून एदुबिनाकडे बघितलं आणि गाडी वळवली.

कुरणावर लोकर कातरायचे दिवस होते. छपरीच्या आडोशाला शेकोटीवर अख्खी मेंढी आडवी भाजत होती, भोवती कातरणारे बसलेले, सगळे आसपासचेच. मुकादम अबेलार्दो सुरीने मांस कापून प्रत्येकाला देत होता. एदुबिनाला बघून त्याने टोपी काढली. माणूस तसा वागायला सभ्य आहे, हे कबूल केलं पाहिजे.

"या दोन्या एदुबिना, या. बरगडी घ्या गरमागरम."

"ही बादली परत घ्या, मुकादम. माझ्या नातीच्या पोटात फोड निघालाय. मी तिला शहरात घेऊन चाललेय. ह्या कलेज्या कुत्र्यांना घातल्यामुळे झालाय, म्हणतात."

"अरेरे," तो म्हणाला. आणि खरंच त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं. "हो, तसं होतं खरं. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं."

"कुणी?"

"मालकाने पाठवलेला. त्याचा सक्त हुकूम आहे, कुरणाच्या कुत्र्यांना कच्ची वजडी द्यायची नाही. पुरा नाहीतर जाळा, म्हणाला. आमच्या कुत्र्यांना आम्ही शिजवूनच घालतो, गोळ्याही देतो." तो हातातली बरगडी कुणाला द्यावी ते शोधत होता. "पण एवढा माल मातीत घालायचा म्हणजे जिवावर येतं हो. म्हटलं, गरिबांच्या कुत्र्यांची तरी पोटं भरतील."

कातरणारे चघळायचे थांबले. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी अशी बादली जात होती. मुकादमाला अजूनही कळलं नव्हतं की आपण काय बोलून गेलो. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते असं, आणि बायजीला त्याचा पत्ताही नाही.

"हे कधी सांगितलं डॉक्टरने?" एदुबिनाने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"झाली की बरीच वर्षं. तुमची आयलीन रांगत असेल तेव्हा."

मला वाटलं, आता ही बादली त्याच्या डोक्यात घालणार. घातली असती तर मी धरलं नसतं.

"मालकाच्या कुत्र्यांना नको," एदुबिना म्हणाली, "म्हणून माझ्या पोरीला."

"असं कसं म्हणता, दोन्या. मी काय वाईट हेतूने—"

"पुरा नाहीतर जाळा म्हणाला ना? मग जाळते."

तिने बादली उचलली आणि शेकोटीवर पालथी केली. कलेज्या, आतडी, रक्ताचं पाणी, सगळं निखाऱ्यांवर आणि भाजत्या मेंढीवर. निखारे चुरचुरले, काळा धूर उठला, घाण वास सुटला. कुणी उठलं नाही, कुणी तिला अडवलं नाही. मुकादम हातात बरगडी धरून उभा होता. रिकामी बादली तिने त्याच्या पायाशी ठेवली आणि गाडीकडे चालत आली.

"आजी, काय झालं? एवढा धूर कसला?" आयलीनने विचारलं.

"काही नाही. सरळ बस, पोटाला धक्का लावून घेऊ नकोस." आणि ड्रायव्हरला म्हणाली, "खड्डे चुकवा. दारू प्यायला असाल तर डॉक्टरणीला चालवू द्या."

शहरात सीटी स्कॅन झाला. गाठ मोठ्या शिरेला खेटून होती, म्हणून आधी गोळ्या आणि मग कापणं असं ठरलं. शस्त्रक्रिया करणाऱ्याला एदुबिनाने गाठून सांगितलं, पिशवी अख्खी काढा, फोडू नका, फुटली की काय होतं ते मी अंगणात बघितलंय. त्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. तिने तेच पुन्हा सांगितलं, तो होय म्हणेपर्यंत. पिशवी अख्खी निघाली. आयलीन परत आली, पोटावर लांब व्रण घेऊन, आणि आता प्रत्येकाला सदरा वर करून दाखवते.

त्या वर्षी यंत्राखाली आमच्या पठारावरची आणखी पोरं सापडली. काही गोळ्यांवर बरी झाली. कातरणाऱ्यांपैकी एकाच्या मुलाला नेईपर्यंत उशीर झाला होता. मालक पुढच्या हंगामात सशांच्या शिकारीला आला, सगळ्यांचे हात हातात घेऊन हलवून गेला.

अबेलार्दो अजून मुकादमच आहे. भेटला की टोपी काढतो, आयलीनची चौकशी करतो. आणि त्या दिवशी एक अख्खी भाजलेली मेंढी वाया गेली, म्हणून अजून हळहळतो.